मोठ्या बाईंचा गणिताचा पेपर

त्यांना सगळे मोठ्या बाई म्हणत, पण अंगानं त्या काडीसारख्या होत्या. शाळेच्या मुख्याध्यापिकेला मोठ्या बाई म्हणायचं हा तिथला रिवाज, आणि आधीच्या मोठ्या बाई खरोखरच दारातून आडव्या होऊन जाणाऱ्या होत्या, म्हणून या खुर्चीत आल्या तेव्हा मुलं मागून हसली होती. नवरा पंखे आणि पाण्याच्या मोटारी दुरुस्त करायचा. तो म्हणायचा, "आमच्या घरात जड फक्त हिची काळजी. बाकी सगळं वाऱ्यानं उडेल."

काळजी हा बाईंचा स्वभावच होता. गॅस बंद केला की नाही ते बघायला त्या कोपऱ्यावरून परत येत. पण खुर्चीत बसल्यावर पहिल्याच वर्षी जी काळजी त्यांच्या मानगुटीवर बसली ती वेगळी होती, आणि ती घेऊन आली एक जुनी विद्यार्थिनी.

ही मुलगी शाळेत चिमणी म्हणून ओळखली जायची. दहावीला तिला गणितात नव्वदच्या वर मार्क होते, पेढ्यांऐवजी तिच्या आईनं सगळ्या शिक्षकांना पेनं वाटली होती. पुढे ती नर्सिंगच्या कोर्सला गेली. आणि एका दुपारी ती ऑफिसच्या दारात उभी राहिली, खांद्याला शाळेतलीच जुनी बॅग, डोळे सुजलेले.

"ये ना, आत ये. सुट्टी लागली का ग?"

"सुट्टी नाही बाई. घरी पाठवलं मला."

बाईंनी तिला बसवलं, पाणी दिलं. मग हळूहळू कळलं. बाटलीत औषध इतकं, पेशंटला द्यायचंय इतकं, तर सुईत किती भरायचं, एवढंच गणित. एकदा चुकलं, दोनदा चुकलं, तिसऱ्यांदा तिथल्या मोठ्या सिस्टरांनी सगळ्यांसमोर सांगितलं, तुझ्या हातून माणूस मरेल.

"बाई," चिमणी म्हणाली, "तुम्ही लोकांनी मला नापास का नाही केलंत? तेव्हाच केलं असतंत तर मी शिकले तरी असते."

 बाई तिला फाटकापर्यंत सोडून आल्या.

उत्तर सगळ्यांना ठाऊक होतं, त्यांनाही. परीक्षेच्या दिवसांत फाटकासमोरच्या झेरॉक्सच्या दुकानात पुस्तकाची पानं नखाएवढी करून मिळत. मागच्या भिंतीवरून बाप, काका, मोठे भाऊ चिठ्ठ्या टाकत. वर्गावर शाळेचेच शिक्षक असत आणि ते खिडकीबाहेरचं आभाळ बघत. आणि गणिताच्या दिवशी गणिताचे सर एकेका खोलीत फेरी मारत, "पंख्याचा आवाज होतोय का रे?" असं विचारता विचारता उत्तरं सांगून जात. निकाल शंभराला टेकलेला. झाकली मूठ सव्वा लाखाची.

गणिताचे सर हा या गोष्टीतला अवघड भाग. ते निवृत्तीला आलेले, गावच्या दोन पिढ्यांचे लाडके, आणि खुद्द बाईंना त्यांनीच शिकवलेलं. बाई अजून त्यांच्यासमोर खुर्चीत बसताना अवघडत.

वर्षाच्या सुरुवातीच्याच मीटिंगमध्ये बाईंनी विषय काढला. 

"यंदा कॉपी होणार नाही," त्या म्हणाल्या.

कोणीतरी हसलं. दरवर्षीचं वाक्य होतं ते.

"कशी होणार नाही तेही सांगते. आपल्या शाळेचा एकही शिक्षक परीक्षेच्या खोलीत नसेल. शेजारच्या शाळेशी बोलले आहे. त्यांचे शिक्षक इकडे, आपले तिकडे. पेपरचं पाकीट दोन विद्यार्थ्यांसमोर फोडायचं. मुलांचे मोबाईल तर बाहेर राहतीलच, आपलेही ऑफिसच्या कपाटात. माझासुद्धा."

आता कोणी हसलं नाही. विज्ञानाच्या बाई म्हणाल्या, "म्हणजे आम्ही चोर?"

"तसं नाही हो..."

"तसंच आहे." गणिताचे सर शांतपणे बोलले. ते कधीच आवाज चढवत नसत. "बाई, तुम्ही चोर पकडायला निघालात, पण इथे चोर कोणी नाही. या पोरांच्या घरी कोणी पुस्तक उघडलेलं नाही. दहावीचा कागद हातात असला तर कुठेतरी चिकटतात बिचारी. तो कागद आपण देतो. आपलं काय जातं?"

बाईंनी चिमणीची गोष्ट सांगितली. सरांचा चेहरा क्षणभर उतरला. मग ते म्हणाले, "एक मुलगी. आणि जी शंभर मार्गी लागली, त्यांचं काय?" आणि उठून गेले. त्यानंतर कित्येक महिने ते बाईंशी 'हो' आणि 'नाही' यापलीकडे बोलले नाहीत.

पहारा बसवला म्हणजे कॉपी थांबत नाही, हे बाईंना पक्कं माहीत होतं. दार बंद केलं की माणूस खिडकी शोधतो. म्हणून त्या दहावीच्या वर्गावर गेल्या, दार लोटून घेतलं आणि विचारलं, "मी कोणाला रागावणार नाही. कॉपी का करावीशी वाटते, ते सांगा."

 मग मागच्या बाकावरचा, ज्याला सगळे बोका म्हणत तो, उभा राहिला. "सगळे करतात बाई. मी एकट्यानं नाही केली तर मीच येडा ठरतो."

एक जाड चष्म्याची मुलगी म्हणाली, "मला घाम फुटतो पेपर बघितला की. चिठ्ठी नुसती जवळ असली तरी बरं वाटतं. वापरतच नाही मी कधी कधी."

आणि एक मुलगी तिसरंच बोलली. ती म्हणाली, "बाई, आम्हाला अपूर्णांकच येत नाहीत. ते आल्याशिवाय पुढचं काय येणार?"

बाईंनी खडू उचलून फळ्यावर एक सोपी बेरीज लिहिली, पाव आणि निम्मं. निम्म्याहून जास्त वर्गाला ती आली नाही.

झालं. तिथून बाईंनी शाळा भरायच्या आधी एक जादा तास लावला. दहावीच्या मुलांना चौथीतलं गणित. गणिताच्या सरांनी तो तास घ्यायला साफ नकार दिला, "उतारवयात मला बाराखडी गिरवायला लावू नका," असा निरोप धाडला. मग नव्यानेच लागलेल्या एका बाईंनी तो घेतला. दर आठवड्याला खऱ्या परीक्षेसारखी चाचणी सुरू झाली, बाकं लांब लांब, घंटा, कडक शांतता. मार्क कोणाला दाखवायचे नाहीत, फक्त ज्याचे त्याला. भीती मोडायची तर ती रोजची करून टाकायची, एवढंच बाईंना कळत होतं. सुरुवातीला निम्मी मुलं कोरे कागद देत. चष्म्याची मुलगी पहिल्या चाचणीत चक्कर येऊन पडली.

घरी नवरा विचारी, "आज किती मुलं हुशार झाली?"

"थट्टा नको. मला रात्रंदिवस धाकधूक आहे."

"ती तर तुला लग्नाच्या आधीपासून आहे."

पण थट्टा करताना त्याच्याही मनात एक गोष्ट सलत होती, आणि ती म्हणजे त्याची धाकटी बहीण. तिचा मुलगा त्याच वर्गात होता. उंच, सालस, फुटबॉलमध्ये तरबेज आणि गणितात ढ. एका संध्याकाळी नणंद आली, चहा घेतला, इकडतिकडचं बोलली आणि मग कप खाली ठेवून म्हणाली, "वहिनी, तू केंद्रावर असणार ना?"

"हो."

"मग त्याला जरा मागच्या बाकावर टाक. बाकीचं आम्ही बघतो."

"अगं, नंबर बोर्डाकडून येतात. आणि आले नसते तरी..."

"आले नसते तरी काय?"

बाई कप उचलू लागल्या. नणंदेचा चेहरा लाल झाला. "परक्यांच्या पोरांना सर उत्तरं सांगत होते तेव्हा तू त्याच शाळेत होतीस. आता माझ्या पोराची पाळी आली आणि तुला सत्य आठवलं! दादा, ऐकतोस का?"

दादा मोटारीचं वेटोळं उलगडत होता. तो एवढंच म्हणाला, "त्याला पाठव माझ्याकडे. मी नाही, पण ही शिकवेल." नणंद ताडकन उठून गेली. मुलगा मात्र आला. मामीसमोर मान खाली घालून बसायचा, ऐकायचा, आणि दुसऱ्या दिवशी सगळं विसरायचा.

पालकांची सभा त्याहून वाईट झाली. "दुसऱ्या शाळांत सर्रास चालतं," एक बाप ओरडला, "आमचीच पोरं बळी का द्यायची?"  बाई म्हणाल्या, "तुमच्या मुलांना घरी बसवून एक चाचणी सोडवायला सांगा. जे दिसेल ते मला येऊन सांगा." काही आले. जे आले ते पुढे भांडले नाहीत. बाकीचे आलेच नाहीत. झेरॉक्सवाल्याकडेही त्या गेल्या. तो म्हणाला, "बाई, मी काय, कागद टाकला की मशीन छापतं." पण दर आठवड्याच्या चाचण्या त्याच्याकडेच छापायला द्यायचं ठरलं, तेव्हा परीक्षेच्या वेळेत शटर अर्धं ओढून घ्यायला तो तयार झाला. अर्धंच.

राहता राहिले गणिताचे सर. त्यांना शेजारच्या शाळेवर पाठवावं, तर तिथे जाऊन त्यांनी तेच केलं असतं. रजेवर जा म्हणावं, तर तो अपमान. बाईंनी खूप विचार केला आणि शेवटी त्यांना आवारात नेमलं. फाटक आणि मागची भिंत.

"म्हणजे रखवालदार," सर म्हणाले.

"सर, भिंतीपलीकडे जे उभे राहतात ते सगळे तुमचे विद्यार्थी. पोलिसांचं ऐकणार नाहीत. ऐकलं तर तुमचंच ऐकतील."

सर उठून बाहेर गेले. हो म्हणाले की नाही, तेही बाईंना कळलं नाही. हाच त्यांचा खरा घोर होता. लांडग्याच्या हाती मेंढरं दिली, असं स्टाफरूममध्ये कोणीतरी म्हणालं ते त्यांच्या कानावर आलं होतं.

पहिले पेपर धडपणे पार पडले. भाषेला कोणी फारशी कॉपी करत नाही. पण गणिताच्या आदल्या दिवशीच बातमी आली की पेपर फुटलाय. कोणाच्या तरी मोबाईलवर आहे म्हणे. बाईंनी बोर्डाच्या ऑफिसला फोन लावला. तिकडून उत्तर मिळालं, "अफवा आहे, दरवर्षी असते, लक्ष ठेवा." एवढ्यावर कोणाचं समाधान होणार?

सकाळी पाकीट आलं. सील शाबूत होतं. दोन मुलींसमोर ते फोडलं. पेपर वाटले. घंटा झाली. बाई व्हरांड्यातून फिरू लागल्या. बोका मान खाली घालून लिहीत होता. चष्म्याची मुलगी डोळे मिटून बसली होती, मग तिनं दीर्घ श्वास घेतला आणि पेन उचललं. भाचा बसला होता खिडकीशी. त्याच्या उत्तरपत्रिकेवर काहीच नव्हतं, आणि तो खिडकीबाहेर बघत होता. नुसता बघत नव्हता, वाट बघत होता.

 बाई जिन्याच्या खिडकीशी गेल्या आणि त्यांनी मागच्या भिंतीकडे बघितलं.

भिंतीवर माणसं चढली होती. पाच-सहा जण होते, आणि सगळ्यात पुढे, एक पाय आत टाकून, नणंदेचा नवरा. आणि खाली, भिंतीच्या या बाजूला, गणिताचे सर. बाईंच्या डोळ्यांदेखत त्यानं वाकून सरांच्या हातात चिठ्ठ्यांचं पुडकं दिलं. सरांनी ते घेतलं.

संपलं, बाईंच्या मनात आलं. सगळं वर्ष पाण्यात. सरांना ऑफिसात बोलवावं लागणार, वर कळवावं लागणार, निवृत्तीच्या तोंडावर त्यांची अब्रू जाणार, आणि नणंदेच्या नवऱ्याचं नाव पोलिसांत. कसलाच विचार न करता त्या जिना उतरून धावत सुटल्या. चप्पल वाटेत निसटली ती तशीच राहिली. 

त्या कोपऱ्यावरून वळल्या, आणि त्यांना सरांचा आवाज ऐकू आला. जो माणूस आयुष्यात कधी आवाज चढवत नव्हता तो ओरडत होता.

"हे कोणी सोडवलंय? कोणी सोडवलंय हे?"

भिंतीवरची माणसं एकमेकांकडे बघत होती.

"क्लासवाल्यानं दिलंय सर," नणंदेचा नवरा म्हणाला. "फुटलेला पेपर आहे. उत्तरांसकट."

"फुटला असो नाहीतर शिवलेला असो! हे बघ. इथून पद पलीकडे नेलं, मग उणे चिन्ह कुठे गेलं? खाल्लं? आणि हे! त्रिकोणाच्या कोनांची बेरीज दोनशेच्या वर? असला त्रिकोण बघितलायस कुठे?" सरांनी दुसरी चिठ्ठी उलगडली, मग तिसरी. प्रत्येक चिठ्ठीसरशी त्यांचा पारा चढत होता. "पाचातली चार चूक. आणि हे तू पोराला देणार? हे बघून लिहिण्यापेक्षा त्यानं कोरं ठेवलेलं काय वाईट?"

"सर, मग तुम्ही जरा बरोबर करून द्या ना..."

बाई कोपऱ्याशीच थांबल्या. इथेच सगळं ठरणार होतं. सरांना बरोबर करून देणं म्हणजे हातचा मळ.

सरांनी त्याच्याकडे बघितलं. "उतर खाली," ते म्हणाले. "तुला शिकवलं होतं ना मी? खाली उतर आणि हे पहिलं गणित मला सोडवून दाखव. तूही ये. आणि तू, टोपीवाला, मागच्या बाकावर झोपायचास, तूही."

आणि ती मोठमोठी बापई माणसं, पोटं सुटलेली, केस पिकायला लागलेली, मुकाट्यानं खाली उतरली. सरांनी काटकी घेऊन मातीत गणित मांडलं. पहिल्यानं डोकं खाजवलं. दुसऱ्यानं काहीतरी पुटपुटलं. कोणालाच ते आलं नाही. त्यांतल्या बऱ्याच जणांना शाळा सोडताना सरांच्याच कृपेनं पास होण्यापुरते मार्क पडले होते.

सर मातीकडे बघत बसून राहिले. त्यांच्या चेहऱ्यावरचा राग हळूहळू गेला आणि तिथे जे आलं ते बाईंना बघवेना. बाईंनी तोंड फिरवलं.

थोड्या वेळानं सर उठले, चिठ्ठ्या खिशात कोंबल्या आणि म्हणाले, "जा आता. पोरांना लिहू द्या." आणि नणंदेचा नवरा बाईंच्या समोरून जाताना थबकला.

"वहिनी, त्याला काही म्हणजे काही येत नाही हो," तो हलक्या आवाजात म्हणाला. "काय करायचं होतं मी?"

"भाऊजी, घरी जा," बाई म्हणाल्या. "तो बाहेर आला की त्याला जेवायला घाला आणि काही विचारू नका."

त्या वर आल्या तेव्हा भाचा अजून खिडकीकडेच बघत होता. बाई दारात उभ्या राहिल्या, त्यांची नजरानजर झाली. त्यानं डोळे पुसले आणि पेपर जवळ ओढला. काहीतरी लिहायला लागला. काय लिहितोय ते बाईंनी बघितलं नाही.

निकाल लागला तो लागायचा तसाच लागला. एक तृतीयांश वर्ग गणितात गेला. भाचाही गेला. चष्म्याची मुलगी सुटली, बोका काठावर सुटला. ज्या शाळेच्या नावापुढे कायम नव्वदच्या वरचा आकडा असायचा तिचा आकडा बघून संस्थेच्या अध्यक्षांनी बाईंना बोलावून घेतलं. केंद्रावर एकही गैरप्रकार न झालेली शाळा म्हणून बोर्डानं दोन ओळींचं कौतुक केलं होतं. अध्यक्षांनी ते वाचलंही नाही.

"प्रवेश घटतील," ते म्हणाले. "शेजारची शाळा पोरं पळवेल. तुमचा प्रामाणिकपणा आम्ही कुठे लावू?"

"मला अजून एक वर्ष द्या."

"आणि पुढच्या वर्षीही असंच झालं तर?"

"तर मी वर्गावर परत जाईन. खुर्ची तुमची."

अध्यक्षांनी हो म्हटलं, पण ते नाराजीच्या सुरात. प्रवेश घटले, थोडेच. पालकांनी रस्त्यात नमस्कार करणं सोडलं. नणंदेनं तर घरी येणंच बंद केलं, आणि बहिणीचा फोन येईनासा झाला म्हणून नवराही थट्टा करायचा थांबला. ते बाईंना सगळ्यात जास्त लागलं.

सर निवृत्त झाले. निरोप समारंभात ते कॉपीबद्दल अवाक्षर बोलले नाहीत, बाईंचं कौतुकही केलं नाही. पण सुट्टीनंतर शाळा उघडली तेव्हा सकाळच्या जादा तासाला ते दारात हजर. नव्या बाईंना म्हणाले, "तुम्ही निम्मा वर्ग घ्या, निम्मा मला द्या." आणि अपूर्णांक समजावायला फळ्यावर पोळी नाही, आंबा नाही, सरळ एक रेघ काढून तिचे चार भाग केले. गणितात नापास झालेल्यांनाही त्यांनी बोलावणं धाडलं. भाचा आला, फुटबॉल काखेत घेऊन.

"तो बाहेर ठेव," सर म्हणाले. "नको, राहू दे. आत आण. गोलपोस्टची रुंदी माहितीये? त्यावरच करू सुरुवात."

फेरपरीक्षेत तो पास झाला. मार्क असे की कोणी पेनं वाटणार नाही. पण पेपरहून तो सरळ मामाच्या दुकानात गेला आणि मोटारीच्या खोक्यावर एक गणित सोडवून मामाला समजावत बसला. मामाला ते कळलं नाही, पण मान डोलवत त्यानं ते दोनदा ऐकून घेतलं.

फेरपरीक्षेच्या निकालाच्या आठवड्यात नणंद आली. बाईंनी चहा ठेवला. 

"वहिनी," नणंद म्हणाली, "मी तुला तेव्हा नाही नाही ते बोलले."

"जाऊ दे ग."

"जाऊ कसं दे? त्यातलं निम्मं मला अजूनही खरंच वाटतं."

बाईंना हसू आलं, कितीतरी महिन्यांनी. "आणि निम्मं?"

"निम्म्याची माफी मागते," नणंद म्हणाली. "साखर कमी घाल माझ्यात."

नवी दहावी तोवर वर्गात बसली होती, आणि परीक्षा दूर होती. तरी चहा गाळताना बाईंच्या मनात आलंच की झेरॉक्सवाल्याचं शटर यंदा पूर्ण खाली येईल का, आणि शेजारच्या शाळेचे शिक्षक या वर्षी यायला हो म्हणतील की नाही. उद्या सकाळीच त्यांना फोन करायला हवा होता.